सोंगातलं सोंग आणि दिलेला शब्द



गेल्या व्याख्यानाच्या शेवटी आम्ही म्हटलं होतं की पुढच्या वेळी आपण एका खेळाविषयी बोलू. ते ऐकून पहिल्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवर काळजी दिसली. सरांचं वय झालं, आता ते खेळाकडे वळले, असं काहीसं. वय झालं हे खरं आहे. पण आजचा विषय घेण्याचं कारण वेगळं आहे. ज्या विषयात आम्ही चाळीस वर्षं शिकवलं, त्याच विषयात गेल्या वर्षी आमच्या हातून एक ढोबळ चूक झाली. ती एका सोळा वर्षांच्या मुलाला सल्ला देताना झाली. चूक आपल्याच शास्त्रातली असेल तर ती चारचौघांत दुरुस्त करावी, अशी आमच्या गुरुजींची शिकवण होती. तेव्हा आज तेच करणार आहोत.

आम्ही दोघं गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला मुलीकडे होतो. तिच्या घराच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी दुपारी आमचा नातू आणि त्याचे मित्र-मैत्रिणी जमत. सहा जण. एक लांब टेबल, पिझ्झाचे खोके, कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकाराचे फासे. आम्हांला वाटलं, हल्लीची मुलं म्हणजे समोर स्क्रीन असणार. तर तसं काही नाही. चार-चार तास ही मुलं नुसती एकमेकांशी बोलत बसायची. आम्ही कुतूहलानं विचारलं, आणि मग रोलप्लेइंग गेम म्हणजे काय ते आमच्या नातवानं आम्हांला समजावून दिलं. ते आधी तुम्हांला सांगतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

या खेळात पट नसला तरी चालतो, आणि शेवटी कुणी जिंकलं-हरलं असंही नसतं. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. त्या पात्राची ताकद, चपळाई, अक्कल, स्वभाव हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. एक जण गेम मास्टर होतो. तो परिस्थिती सांगतो: "तुम्ही किल्ल्याच्या दाराशी आहात, आत दिवा दिसतोय, काय करता?" मग खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीनं बोलतात. जमेल की नाही अशी शंका असलेली कृती असेल तर फासा टाकायचा, बहुधा वीस पैलूंचा. आकडा मोठा आला तर जमलं. असं गोष्टीतून गोष्ट निघत जाते, आणि एकाच कथानकात महिनोन्‌महिने चालणाऱ्या खेळाला कॅम्पेन म्हणतात. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर मोहीम. तो लष्करी शब्द आला त्यालाही कारण आहे. हे खेळ युद्धपटांच्या खेळांतून जन्मले. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. आज तो जगभर खेळला जातो.

कोकणातल्या मंडळींना हे फार परकं वाटू नये. दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं ते ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उत्स्फूर्त होतात. फरक एवढाच की इथे शेवट आधी ठाऊक नसतो, आणि प्रेक्षक म्हणून कुणीच नसतो.

आता या मुलांच्या मोहिमेची गंमत ऐका. त्यांची गोष्ट घडत होती एका व्हर्च्युअल रिॲलिटीच्या खेळात. म्हणजे असं: टेबलाभोवतीची मुलं ज्यांची सोंगं घेत होती, ती पात्रं ही एका काल्पनिक शाळेतली विद्यार्थी. ते विद्यार्थी डोक्याला हेडसेट लावून एका आभासी जगात शिरतात, आणि तिथे त्यांचे अवतार असतात: कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. पण एकदा आत गेल्यावर त्यांना बाहेर पडता येत नाही, आणि आत अवतार मेला तर बाहेर अंथरुणावर पडलेला विद्यार्थीही मरतो. ही कल्पना मुलांची स्वतःची नव्हे. 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' नावाची रेकी कावाहारा या जपानी लेखकाची कादंबरीमाला आहे. ती २००९ पासून पुस्तकरूपानं येऊ लागली, आणि २०१२ पासून तिच्यावरची ॲनिमे मालिका आली. त्यात दहा हजार खेळाडू असेच एका खेळात अडकतात, आणि शंभर मजले सर केल्याशिवाय सुटका नाही. मुलांनी तो साचा घेतला आणि गोष्ट आपली रचली.

त्यामुळे प्रत्येकाकडे एकाऐवजी दोन शीट्स होती. एक विद्यार्थ्याची, एक त्याच्या अवताराची. आमचा नातू एका लाजऱ्या, अडखळत बोलणाऱ्या मुलाचं सोंग घ्यायचा, आणि तो लाजरा मुलगा एका गोडबोल्या चोराचं. सोंगातलं सोंग. सहज सांगतो, 'अवतार' हा आपला शब्द या अर्थानं त्यांच्याकडे १९८० च्या दशकात रुळला. १९८६ च्या 'हॅबिटॅट' नावाच्या संगणकीय जगात खेळाडूच्या आकृतीला अवतार म्हणत. आपल्याकडे मात्र "काय हा अवतार!" असं आपण केस विस्कटलेल्या मुलाला म्हणतो.

आता घटना. मोहिमेला चौदा महिने झाले होते. गोष्टीत एका दरीवर दोरांचा पूल होता. पलीकडे खजिना. नातवाच्या चोरानं सगळ्यांना सांगितलं, "मी मागे थांबून दोर सांभाळतो, तुम्ही एकेक जण जा." पूल ओलांडून खजिन्याची पेटी सगळ्यांत आधी आणली ती वैद्यानं. वैद्याचा अवतार त्याच्या वर्गातल्या एका मुलीचा. ती पेटी घेऊन परत येत होती, पेटी तिनं पुढे फेकली, आणि नातवानं जाहीर केलं, "मी दोर कापतो." त्यानं फासा टाकला. सतरा पडले. दोर कापले गेले. वैद्य दरीत पडला आणि मेला, आणि मोहिमेच्या नियमाप्रमाणे हॉस्पिटलमध्ये अंथरुणावर असलेली ती विद्यार्थिनीही मेली. चौदा महिन्यांची दोन शीट्स एका फाशात संपली. मुलगी काही बोलली नाही. तिनं आपले फासे पिशवीत भरले, वर आली, आणि आईला फोन करून न्यायला बोलावलं. दारात उभी होती तेव्हा आम्ही तिला पाणी दिलं. डोळे लाल होते.

रात्री जेवताना नातवानं आम्हांला विचारलं, "आजोबा, तो चोर खोटारडाच आहे. मी त्याच्या स्वभावाप्रमाणे खेळलो. मग यात माझी काय चूक?"

मित्रहो, खरं सांगायचं तर आम्हांला त्या क्षणी त्या मुलीचे डोळे आठवायला हवे होते. आठवला शांकरवेदान्त. प्रश्न इतका सुंदर होता! जवळपास चाळीस मिनिटं आम्ही बोललो. सत्तेच्या तीन पातळ्या सांगितल्या: पारमार्थिक, व्यावहारिक, प्रातिभासिक. दोरीवर भासलेला साप सांगितला. योगवासिष्ठातली लीलेची कथा सांगितली, एका घराच्या कोपऱ्यात आख्खं विश्व आणि त्या विश्वात आणखी एक विश्व. आणि निष्कर्ष काढला की चोरानं केलेलं पाप चोराच्या पातळीवर. स्वप्नात केलेल्या चोरीबद्दल जागेपणी कुणी तुरुंगात जात नाही. तू तर स्वप्नातल्या माणसाच्या स्वप्नात होतास. तुझ्यापर्यंत ते पोचतच नाही.

नातू खूश झाला. त्यानं आमचं म्हणणं दुसऱ्या दिवशी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, वर हेही लिहिलं की माझे आजोबा फिलॉसॉफीचे प्रोफेसर आहेत. पुढच्या शनिवारी टेबलाशी तिघंच आले. त्याच्या पुढच्या शनिवारी कुणीच आलं नाही.

आमच्या सौ. हे सगळं पाहत होत्या. त्या शनिवारी रिकाम्या बेसमेंटमधून वर येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, दोर चोरानं कापला असेल. पण फासा कुणी टाकला?"

आम्ही गप्प झालो. कारण तो प्रश्न आमच्या चाळीस मिनिटांना पुरून उरणारा होता. त्या दिवसापासून या विषयावर जे वाचलं आणि जो विचार केला, तो आता क्रमानं मांडतो.

पहिली गोष्ट, या पातळ्यांचं वर्णन. गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञाचं १९८३ सालचं 'शेअर्ड फँटसी' हे पुस्तक आहे. त्यानं मिनेसोटात असे खेळ खेळणाऱ्या मंडळींत बसून, स्वतः खेळून अभ्यास केला. अर्व्हिंग गॉफमनची चौकटींची कल्पना घेऊन तो म्हणतो की टेबलाशी बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन चौकटींत असतो. माणूस म्हणून, खेळाडू म्हणून आणि पात्र म्हणून. "जरा चिप्स इकडे दे" हे माणूस बोलतो. "मला सतरा पडले" हे खेळाडू बोलतो. "मी दोर कापतो" हे पात्र बोलतं. आणि एका मिनिटात ही तिन्ही वाक्यं एकाच तोंडातून येतात. आमच्या नातवाच्या खेळात चौथी चौकट होती, विद्यार्थ्याची. पण बारकाईनं पाहा, या सगळ्या वाक्यांत 'मी' हा शब्द एकच आहे. कुणीही "चोर दोर कापतो आणि मी चिप्स खातो" असं वेगळं करून बोलत नाही. फाइननं दाखवलं की खेळाडू या चौकटींतून सहज, बेमालूम ये-जा करतात. जिथे ये-जा इतकी मोकळी आहे तिथे "मी त्या खोलीत होतो, या खोलीत नव्हतो" ही सबब चालायची नाही.

दुसरी गोष्ट आमच्या मुख्य चुकीची. आम्ही खेळाला स्वप्नाच्या रांगेत बसवलं. हे तर वेदान्तालाही धरून नव्हतं. स्वप्न पाहणाऱ्याला आपण स्वप्न पाहतो आहोत हे ठाऊक नसतं. दोरीला साप समजून जो पळतो, त्याला ती दोरी आहे हे माहीत नसतं. नंतर उजेड आला की त्या ज्ञानाचा बाध होतो. म्हणून तो भ्रम. आमच्या नातवाला कधी क्षणभर तरी वाटलं होतं का की आपण खरोखर दरीकाठी उभे आहोत? नाही. त्याच्या हातात फासा होता आणि ताटलीत पिझ्झा. मग हा भ्रम कसा?

आपल्या नैयायिकांनी यासाठी एक नेमका शब्द घडवून ठेवला आहे: आहार्य ज्ञान. वस्तू तशी नाही हे पक्कं ठाऊक असताना, त्याच वेळी, केवळ इच्छेनं तिला तशी मानणं. मूल काठीवर बसून "हा माझा घोडा" म्हणतं तेव्हा त्याला काठी दिसतच असते. कवी मुखाला चंद्र म्हणतो तेव्हा त्याची नजर अधू झालेली नसते. हे आहार्य. भ्रम आपल्याला न विचारता होतो. आहार्य आपण करतो. त्याच्यामागे इच्छा असते, आणि जिथे इच्छा असते तिथे कर्ता असतो.

आता दोन्हींचा नैतिक हिशेब वेगळा होतो हे तुमच्या ध्यानात आलं असेल. अंधारात चोर समजून कुणी आपल्याच भावावर काठी उगारली तर आपण म्हणतो, बिचाऱ्याला कळलं नाही. भ्रमाला काही अंशी माफी असते. आहार्याला अशी माफी मागता येत नाही, कारण कळत नव्हतं असं तिथे म्हणताच येत नाही. नातू दोर कापताना जागा होता. तीन सोंगं एकावर एक चढवली म्हणून जागेपण तीन पटींनी कमी होत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका भगिनींनी आम्हांला गाठून विचारलं की त्यांचा मुलगा ऑनलाइन खेळात दुसऱ्यांना वाट्टेल ते बोलतो आणि वर म्हणतो की मी नव्हतो, माझा अवतार होता. त्याला काय सांगावं? त्यांना आम्ही म्हटलं, जरा थांबा, पुढच्या अर्ध्या तासात तिथेच यायचंय. तर त्याचं निम्मं उत्तर हे झालं.

पण निम्मंच. कारण इथे कुणीही लगेच विचारील, मग रावणाचं काम करणारा नट दोषी का? तोही जागा असतो, तोही आपल्या इच्छेनंच सीताहरण करतो. हा आक्षेप रास्त आहे, आणि याचं उत्तर दिल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही.

इंग्लंडमधले तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला जी व्याख्यानं दिली, ती पुढे १९६२ साली पुस्तकरूपानं आली. त्यांनी दाखवलं की काही वाक्यं उच्चारणं हीच कृती असते. "मी वचन देतो" म्हटलं की वचन दिलं जातं. पण नट रंगमंचावर "मी वचन देतो" म्हणाला तर? ऑस्टिनच्या मते ते वचन एका विशिष्ट अर्थानं पोकळ असतं. बरोबरच आहे. नाटक संपल्यावर नायिका नायकाकडे जाऊन "चला, लग्न करू" म्हणत नाही. या न्यायानं चोराचं "मी दोर सांभाळतो" हेही पोकळ ठरलं. त्यानं ते मोडलं, ठीक आहे. गोष्टीत चोर चोरासारखा वागला.

पण हे नाटक उभं कशावर राहतं? सीतेचं काम करणाऱ्या नटाला ठाऊक असतं की समोरचा आपल्याला खरोखर ओढून नेणार नाही, मनगट पिरगळणार नाही. तालमीत हे ठरलेलं असतं. तालमीत दिलेला तो शब्द पोकळ नसतो. तो रंगमंचाच्या बाहेर दिलेला असतो, आणि त्याच्याच आधारावर आतले सगळे पोकळ शब्द बोलता येतात. रावण निर्दोष आहे तो या शब्दामुळे. नटानं प्रयोग चालू असताना खरंच मनगट मुरगाळलं आणि म्हणाला "मी रावण होतो", तर आपण त्याचं ऐकून घेऊ का?

रोलप्लेइंग खेळणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. त्यांच्यात 'सेशन झीरो' म्हणून पद्धत आहे. मोहीम सुरू होण्यापूर्वी एक बैठक घ्यायची, आणि कोणत्या गोष्टी चालतील, कोणत्या नाहीत हे ठरवायचं. काही ठिकाणी टेबलावर एक कार्ड ठेवतात, त्यावर फुली असते. कुणालाही एखादा प्रसंग असह्य झाला तर त्यानं कार्डाला हात लावायचा. कारण विचारायचं नाही, गोष्ट तिथून वळवायची. आमच्या मुलीच्या बेसमेंटमधल्या फ्रिजवरही एक कागद चिकटवलेला होता. आम्ही तिथून रोज थंड पाणी घेत होतो, पण तो कधी वाचला नव्हता. त्यावर तीन ओळी होत्या. कुणाचं पात्र मारायचं असेल तर आधी त्याच्याशी बोलायचं. कार्डाला हात लागला की थांबायचं. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवायचं. खाली सहा सह्या. त्यांतली एक आमच्या नातवाची.

म्हणजे चोरानं वैद्याचा विश्वासघात केला हा प्रश्नच नव्हता. एका मुलानं आपल्या सहीचा विश्वासघात केला होता. आणि आम्ही त्याला लीलेची गोष्ट सांगत बसलो होतो.

योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराचं १९३८ सालचं 'होमो लुडेन्स' हे खेळावरचं महत्त्वाचं पुस्तक. त्यात त्यानं एक मार्मिक फरक केला आहे. एक असतो लबाडी करणारा, आणि एक खेळ मोडणारा. लबाडी करणारा निदान नियम मानल्याचं दाखवतो. खेळ मोडणारा तर खेळाचं जगच पाडतो, म्हणून त्याच्यावर लोक अधिक चिडतात. आमच्या नातवाची पहिली कृती लबाडीची होती. मुलं रागावली, पण तिघं पुढच्या शनिवारी आली होती. खेळ मोडला तो आमच्या निरोपानं. "हे सगळं मिथ्याच आहे, तुम्ही रडता कशाला", असं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. चौदा महिने जे जपलं त्याला किंमतच नाही, असं ऐकल्यावर कोण कशाला येईल?

आता हे फक्त टेबलाशी बसलेल्या मुलांपुरतं आहे असं कुणी समजू नये. संगणकावर अनेकांनी मिळून वावरायची जगं १९७८ पासून आहेत. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचं असं पहिलं जग लिहिलं, त्यात चित्र नाही, केवळ शब्द. तशाच शब्दमय जगांपैकी एक होतं 'लॅम्डामू'. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातल्या संगणकावर ते चालायचं. तिथे १९९३ साली 'मिस्टर बंगल' या नावानं वावरणाऱ्या एकानं एक छोटासा प्रोग्रॅम वापरला. त्याच्या जोरावर दुसऱ्यांची पात्रं त्यांच्या इच्छेविरुद्ध घाणेरडी कृत्यं करताहेत असं सगळ्यांना दिसू लागलं. ज्यूलियन डिबेल या पत्रकारानं त्यावर त्याच वर्षी 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये दीर्घ लेख लिहिला. सिएटलमध्ये घरी बसलेल्या ज्या स्त्रीचं पात्र यात भरडलं गेलं, तिला ते लिहिताना खरोखर रडू कोसळलं होतं, हे त्यानं नोंदवलं आहे. पुढे तिथल्या रहिवाशांची सभा भरली, खूप वाद झाले, निर्णय काही झाला नाही, आणि शेवटी तिथल्या एका व्यवस्थापकानं ते पात्र कायमचं पुसून टाकलं. त्यानंतर तिथे मतदानाची पद्धत आली.

तिथेही युक्तिवाद झाला होता की हे नुसते शब्द आहेत, खरं शरीर कुठे आहे? आज व्हीआरमध्ये तेवढाही आडोसा उरत नाही. आयव्हन सदरलँडनं १९६८ साली डोक्यावर बसवायचं पहिलं यंत्र केलं तेव्हा ते छताला टांगावं लागलं होतं. आज ते पोराटोरांच्या दप्तरात मावतं. हेडसेट घातला की आपला हात हलतो तसा अवताराचा हात हलतो, कुणी जवळ आलं की जवळ आल्यासारखं वाटतं. २०१६ साली धनुष्यबाणाच्या एका व्हीआर खेळात एका स्त्रीला दुसऱ्या खेळाडूनं आपल्या आभासी हातांनी छळलं. तिनं ते जाहीरपणे लिहिलं. ज्यांनी तो खेळ बनवला होता, त्यांनी ते वाचून खेळात सोय केली की विशिष्ट हालचाल केली की आपल्याभोवती एक कडं तयार व्हावं आणि त्रास देणारा नाहीसा व्हावा. टेबलावरच्या फुलीच्या कार्डाचंच हे दुसरं रूप म्हणा.

म्हणून त्या भगिनींना उत्तराचं उरलेलं निम्मं असं: मुलाला सांगा, तुझ्या अवताराला तोंड नाही, ते तुझं आहे. आणि समोरच्याच्या अवताराला कान नाहीत, ते कुणा दुसऱ्याच्या मुलाचे आहेत. खेळात शिव्या द्यायच्या असं दोघांचं ठरलेलं असेल तर खुशाल द्या. ठरलेलं नसेल तर त्या खऱ्याच आहेत.

आता लीलेकडे परत येऊ, कारण तिच्यावरही आम्ही अन्याय केला. जगात जग, त्यात आणखी जग, हे आम्ही नातवाला रंगवून सांगितलं. पण कथेचा आरंभ गाळला. राणी लीलेनं नवरा जिवंत असतानाच सरस्वतीकडे वर मागितला होता की तो गेला तरी त्याचा जीव या महालातून बाहेर जाऊ नये. देवीनं शब्द दिला. पुढे राजा वारला, आणि त्याचं दुसरं आयुष्य, दुसरं राज्य, दुसरं युद्ध हे सगळं घडलं ते त्या महालाच्या आतच. जगं कितीही बदलली तरी एका जगात दिलेला शब्द सगळ्यांत टिकला. वसिष्ठांना या कथेतून मुख्यतः वेगळं काही सांगायचं आहे, हे आम्ही जाणतो. पण आमच्या नातवाला त्या रात्री नेमका हाच भाग सांगायला हवा होता.

आणि कावाहारांच्या कादंबरीबद्दलही एक शंका येते. आत मेला की बाहेर मरणार, ही अट लेखकाला का घालावी लागली? नाहीतर वाचक म्हणेल, खेळच तर आहे, पुन्हा सुरू करा. सोंगाला गांभीर्य यावं म्हणून खरं मरण आणावं लागलं. बेसमेंटमधल्या मुलांना मात्र त्याची गरज पडली नव्हती. तिथे खरं कुणीच मेलं नाही. तरी एक मुलगी दारात उभी राहून रडली, कारण सहा जणांनी एकमेकांना दिलेला शब्द त्या टेबलावरची एकमेव खरी वस्तू होती, आणि ती मोडली होती.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. आम्ही त्यात भर घालू: दिलेल्या शब्दाचंही नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगून थांबतो. आम्ही नातवाला जवळ बसवलं आणि सांगितलं की आम्ही तुला चुकीचं सांगितलं. आधी त्याला पटेना, कारण पहिलं उत्तर जास्त सोयीचं होतं. मग आजीचा प्रश्न त्याला विचारला. तो बराच वेळ बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या मुलीला फोन केला. चोराचं नाव काढलं नाही. "फासा मी टाकला होता, आणि सही माझी होती", एवढंच म्हणाला, असं त्यानंच आम्हांला नंतर सांगितलं. गेम मास्टर असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीनं वैद्याला काहीतरी जादूनं जिवंत करण्याची तयारी दाखवली. ती मुलगीच नको म्हणाली. मेला तो मेला, नाहीतर आजवरचं सगळंच स्वस्त होईल, असं तिचं म्हणणं. तीन आठवड्यांनी ती नवी शीट्स घेऊन आली. गोष्टीत तो पूल अजून तुटलेलाच आहे, आणि चोरावर कुणी फारसा विश्वास ठेवत नाही.

आम्ही निघालो त्या आठवड्यात पाणी घ्यायला बेसमेंटमध्ये गेलो होतो. फ्रिजवरच्या कागदाशेजारी वैद्याची जुनी शीट चिकटवलेली दिसली. कागदावर चौथी ओळ वाढली होती, आणि खाली सहाच्या सहा सह्या नव्यानं केलेल्या होत्या. ओळ अशी होती की खेळातल्या भांडणात घरातल्या मोठ्या माणसांचं मत विचारायचं नाही.

नियम योग्य आहे असं आमचं मत झालं. कुणी विचारलं मात्र नाही.